चनबसूकडून परत आलेला गेम

९ नोव्हेंबर, रविवार

गिरिजाला बघायला म्हणून आज पाहुणे आले. बघायला हे नावाला. गिरिजा आणि रोहित पुण्याला एकाच कंपनीत आहेत, त्यांचं त्यांनी ठरवलंय. आम्ही हो म्हणायचं तेवढं बाकी. मुलाचे वडील वारणानगरला साखर कारखान्यात आहेत, एवढंच तिनं सांगितलं होतं. आडनाव आमच्या भागात गल्लीगल्लीत सापडतं, म्हणून पुढं विचारलं नाही.

दार उघडलं तर चनबसू.

केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण तोच. दहावीनंतर त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याला आधीपासून माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मला माहीत नव्हतं, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. ‘‘शिवू, वळखलंस न्हवं?’’ म्हणाला. शैलासमोर, माझ्या बायकोसमोर, व्याह्याच्या नात्यानं येऊन, शिवू!

पोहे झाले, चहा झाला. रोहित नीट बसतो, नीट बोलतो. माझ्या आईच्या, अव्वाच्या, पाया पडला. शैला खूश.

निघताना चनबसूनं धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. ‘‘आत्ता सोडू नको. आम्ही गेल्यावर बघ.’’

अजून सोडलेलं नाही. वजनावरून कळलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

उपास. पूजा उरकली, दुकानाला सुट्टी. मग फडकं सोडलं.

गेमच आहे. मस्कतच्या मामानं आणला होता तसला. राखाडी डबा, हिरवट पडदा, मागं चार पेन्सिल सेलची जागा. त्यात एक बुटका माणूस. चालतो, फळीवरून फळीवर उड्या मारतो, खड्ड्यात पडला की मरतो. डोक्यावर काय आहे ते त्या पडद्यावर कळत नसे. आम्ही पटका धरला आणि त्याचं नाव ठेवलं गडी. मी आणि चनबसू. डावांनाही नावं ठेवली होती. पहिला मळा, दुसरा विहीर, तिसरा किल्ल्यासारखा म्हणून पन्हाळा. पन्हाळ्याच्या पुढं कोणी गेलं नाही. अख्ख्या गावात दुसरा गेमच नव्हता, कोण जाणार?

दहावीच्या वर्षी, जत्रेच्या गडबडीत, सोप्यातल्या कोनाड्यातून तो गेला. त्या सकाळी बाहेरचं एकच माणूस घरात येऊन गेलं होतं. मी वडिलांना, अप्पांना, सांगितलं, चनबसूनं नेला. अप्पा म्हणाले, गेलं ते गेलं, परत त्याचं नाव काढायचं नाही. त्याच पावसाळ्यात अप्पा गेले. अव्वाला घेऊन आम्ही मंगळवार पेठेत काकांच्या भांड्यांच्या दुकानात आलो. गाव सुटलं ते सुटलं.

आता हा गेम. लग्नाची बोलणी चालू असताना. म्हणजे काय समजायचं? कबुली आहे का? का तोंड बंद करायला? का ‘बघ, इतकी वर्षं माझ्याकडं होता, काय वाकडं केलंस?’

शैलाला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘एवढंच ना? मला वाटलं खून केलाय त्यांनी.’’

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल दिवसभर नवा संशय. हा आमचा कशावरून? मोबाइलवर जुन्या वस्तू मिळतात म्हणे. एखादा घेतला असेल, फडक्यात बांधला असेल. जुना मित्र म्हणून मन वळवायला बरं. आज दुकानात मी गिऱ्हाइकाच्या वाटीवरसुद्धा नाव घालून देतो. त्या गेमवर नाव घालायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

मागचं झाकण काढलं. सेल नव्हते. आत गंज नाही, हिरवं नाही. ज्यानं ठेवला त्यानं सेल काढून ठेवला. याला मी काळजी म्हणू का पूर्वतयारी?

शेजारच्या मोबाइलवाल्यानं तारा स्पिरिटनं पुसून दिल्या. नवे सेल घातले. पडद्याच्या कडेला दोन उभ्या रेघा मेल्यात, बाकी चालू. ते गाणं लागलं. दुकानातलं गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं.

गडी निघाला. पहिला खड्डा आला आणि माझ्या अंगठ्यानं उडीचं बटण खड्ड्याच्या बऱ्याच आधी दाबलं. मी ठरवून नाही. गडी बरोबर कडेवरून उडाला आणि पलीकडं उभा.

कारण असं. त्या वर्षी खंडेनवमीला अव्वानं विळा, कोयता, तराजू पाटावर मांडला, त्यात हाही मांडला. मामा हसला होता, ‘‘अगं, हे काय हत्यार हाय का?’’ पण घरातलं यंत्र म्हटल्यावर पूजा चुकवायची नाही. पंचामृत शिंपडलं, दोन थेंब उडीच्या बटणात गेले. मधानं ते जे धरलं ते पुन्हा सरळ उठलं नाही. दाबायचं आणि वाट बघायची. आम्ही दोघं तसंच शिकलो. दुसऱ्या कुठल्या गेमवर एवढ्या आधी दाबलं तर गडी मरणार.

तर हा आमचाच. म्हणजे त्यानंच नेला होता. इतक्या वर्षांनी खात्री झाली, आणि खात्री झाल्यावर आनंद व्हायला पाहिजे होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वारणानगरला जाऊन आलो. लग्नाआधी चौकशी करतात सगळेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी शैलाला सांगितलं, माल बघायला जातो.

कारखान्याच्या वाटेवर चहाची टपरी. मी म्हटलं, चनबसप्पांच्याकडं सोयरीक जुळवतोय.

‘‘पावणं, डोळं मिटून द्या पोरगी,’’ टपरीवाला म्हणाला. ‘‘साखरंच्या गोदामाच्या किल्ल्या त्येच्याकडं. आजवर चिमूटभर साखर घरला न्हेली न्हाय. चहासुदिक बिनसाखरंचा पितोय.’’

बाकावरचा म्हातारा म्हणाला, ‘‘त्येला डायबिटीस हाय, येड्या.’’

‘‘आता झालाय. आधी न्हवता तवाबी तसलाच पीत हुता.’’

गोदामाच्या किल्ल्या! ज्याच्या हाताला कोनाडा पुरला नाही त्याच्या हातात गोदाम. आणि लोक असं बोलतात. इतकं चांगलं कोणी कोणाबद्दल बोललं की मला ते पढवलेलं वाटतं. पण मी येणार हे टपरीवाल्याला कोण सांगणार? येताना गाडीत हाच विचार. पढवलेलं नसेल तर खरं असणार, आणि खरं असेल तर सोळाव्या वर्षी काय झालं होतं त्याला?

१५ नोव्हेंबर, शनिवार

गिरिजाचा फोन.

‘‘पप्पा, आई सांगत होती. तुम्ही व्हिडिओ गेमवरून माझं लग्न अडवताय?’’

म्हटलं, गेमवरून नाही, माणसावरून.

‘‘माणूस रोहित आहे. त्याचे बाबा लहानपणी काय वागले त्याचं मला काय?’’

म्हटलं, घर बघावं लागतं. तू त्या घरात जाणार.

मग हळू म्हणाली, ‘‘तुमच्या नाहीवर मी थांबणार नाही, पप्पा. पण मला तुमचं हो पाहिजे. मनापासून. तसलं तोंड करून मांडवात उभं राहणार असाल तर नको. पुढच्या सोमवारपर्यंत सांगा.’’

तसलं तोंड म्हणजे कसलं, असं शैलाला विचारलं. तिनं आरसा दाखवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. विहिरीपर्यंत पोचलो होतो, एवढ्यात चनबसू दारात. मी गेम बिलबुकाखाली सरकवला. त्यानं बघितलं. स्टुलावर बसला. चहा मागवला. बिनसाखरेचा.

मी सरळ विचारलं. ‘‘तुझ्याकडं कसा आला?’’

‘‘सांगता येत न्हाय.’’

‘‘येत नाही का सांगायचं नाही?’’

‘‘रामलिंगापुढं बेल उचललाय, शिवू.’’

गावी कोणाकडून पक्की शपथ घ्यायची झाली की रामलिंगाच्या देवळात नेतात, हातात बेलाचं पान देतात. पान उचलून जे बोललं ते मोडायचं नाही. ज्यानं उचलायला लावला त्यानं ‘उतरला’ म्हटलं तरच सुटका. तो नसेल तर त्याच्या मुलानं म्हणायचं.

‘‘कोणापुढं उचललास?’’

‘‘तुझ्या अप्पापुढं.’’

मग तो म्हणाला, ‘‘तू देवळात येऊन उतरला म्हण. मग समदं सांगतो. रोहितच्या लग्नाच्या आधी मला सांगायचंच हाय.’’

‘‘अप्पांनी उचलायला लावला होता हे कशावरून?’’

‘‘कशावरनं न्हाय. हुतो आम्ही दोघंच. आन तिसरा रामलिंग.’’

दोन साक्षीदार. एक गेला, दुसरा बोलत नाही.

चहा पिऊन उठला. दारातून म्हणाला, ‘‘कुठवर गेलाईस?’’ मला कळेना. त्यानं बिलबुकाकडं बोट केलं. म्हटलं, विहीर. ‘‘बरं,’’ म्हणाला आणि गेला.

किती पद्धतशीर आहे हे. शपथ खरी का खोटी हे कळायला ती आधी सोडवायची. सोडवायची म्हणजे ती होती असं मी मान्य करायचं. अप्पांच्या नावानं, देवापुढं. मग तो जे सांगेल ते ऐकायचं. दारं सगळी त्याच्याच अंगणात उघडतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अव्वाला विचारलं. ती बसली होती ओसरीच्या उन्हात, विभूती लावून.

‘‘अव्वा, अप्पांनी चनबसूला बेल उचलायला लावला होता?’’

‘‘व्हय.’’

म्हटलं, ‘‘का?’’

‘‘व्हय.’’

‘‘का नव्हता लावला?’’

‘‘न्हवताच की.’’ आणि माझ्या हातातल्या गेमची बटणं बघून, ‘‘ह्ये कसलं रं? रेडू?’’

शैला हसून हसून आत गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, ‘‘तुम्हाला काय ऐकायचंय ते तरी ठरलंय का?’’

खरं म्हणजे ठरलंय. आठवडाभर मी एक गोष्ट जुळवत आणलीय. मी अभ्यास करत नव्हतो. अप्पांनीच गेम कोनाड्यातून काढला, दहावी होईपर्यंत सांभाळ म्हणून चनबसूकडं दिला, शिवूला सांगायचं नाही म्हणून बेल उचलायला लावला. मग अप्पा गेले आणि तो बिचारा अडकला. सगळं बसतं. सेल काढून ठेवले तेही बसतं. माझ्याशी तोंड लपवून वागला तेही.

हे शैलाला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग झालंच की. सदरा तुम्हीच शिवलाय. त्यांनी नुसता अंगात घालायचा.’’

तेच तर. तो नेमकं हेच सांगेल आणि मी मान हलवीन. आणि जन्मभर मला कळणार नाही, की ते खरं होतं का त्यानं माझ्या तोंडावरून वाचलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पन्हाळा ओलांडला आज. दुपारी, गल्ल्यावर बसून.

लहानपणी वाटायचं, पलीकडं काहीतरी जबर असणार. समुद्र वगैरे. मी समुद्र बघितला नव्हता तेव्हा. चनबसू म्हणायचा, देऊळ असणार, कळस सोन्याचा. पलीकडं ढग आहेत. फळ्यांच्या जागी ढग, बाकी तेच. त्याच उड्या, तेच खड्डे. मग शेवटी गडी हात वर करतो, गाणं वाजतं आणि पुन्हा मळा. कोणीतरी फसवल्यासारखं झालं. पण कोणी सांगितलं होतं मला, समुद्र आहे म्हणून?

आज आणखी एक लक्षात आलं. यात मागं जाता येत नाही. एक पाऊल पुढं गेलं की मागचं पडद्याबाहेर. लहान असताना हे कधी खुपलं नाही, मागं जायचंच नसायचं. आज एका ठिकाणी वर काहीतरी राहून गेलं म्हणून मागं वळवायला बघितलं, तर गडी भिंतीला लागल्यासारखा जागच्या जागी पाय हलवत राहिला.

संध्याकाळी पूजेला बसलो तर डोळ्यासमोर फळ्या. क्षमा मागितली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चनबसूला फोन केला. सोमवारी दुकान बंद असतं, देवळात येतो म्हटलं.

‘‘हंगाम चालू हाय, रजा मिळंना. पर काढतो,’’ म्हणाला. मग, ‘‘शिवू, विश्वास ठेवून येतोईस न्हवं?’’

म्हटलं, नाही. ऐकायला येतोय.

‘‘ते बी चालतंय.’’

शैला म्हणाली, अप्पांच्या नावानं खोटी शपथ सोडवली तर पाप लागेल का तुम्हाला? मी म्हटलं, शपथ नव्हतीच तर सोडवलं काय? ती म्हणाली, मग घाबरताय कशाला?

घाबरत नाही. उद्या उठून त्या घरात माझी मुलगी असेल. सण असेल, बारसं असेल, मी त्यांच्या सोप्यात बसलो असेन आणि तो समोर. त्याच्याकडं बघताना दर वेळी माझ्या मनात हे चालणार असेल, तर हो म्हणून तरी काय उपयोग? गिरिजा ते ओळखते. लहानपणापासून माझं तोंड वाचते ती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आत्ताच घरी आलो. सगळं आहे तसं लिहून ठेवतो.

सकाळी पूजा करून निघालो. स्टँडवर चनबसू, धुतलेला पांढरा सदरा. एसटीत शेजारी. मी दोनदा विषय काढला. अप्पा अभ्यासाबाबत कडक होते, नाही का. दहावीच्या वर्षी तर फारच. तो खिडकीबाहेर बघत हूं म्हणाला. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या.

देवळात कोणी नव्हतं. रंग नवा दिलाय, फरशी बसवलीय. बेलाचं झाड मात्र तेच. त्यानं पान तोडलं, धुतलं, तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. हात थरथरत होता. ते मी बघितलं, आणि साखर कमी झाली असेल असंही मनात आलं. असा मी.

म्हटलं, ‘‘अप्पांच्या वतीनं, उतरला.’’

त्यानं पान पिंडीवर ठेवलं. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

‘‘चोरलाच हुता की, शिवू,’’ म्हणाला.

आणि पुढचं एका दमात सांगितलं.

‘‘तुझा संशय बरोबर हुता. जत्रंदिवशी मीच उचलला. तिसऱ्या का चौथ्या रोजी तुझ्या अप्पानी आमच्या मळ्यात गाठलं. वाटलं, हाणत्यात आता. हाणलं न्हाय. हितं आणलं. बेल दिला हातात आन म्हणालं, ह्ये आता तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. खेळायचं न्हाय, इकायचं न्हाय. परत कवा द्यायचं ते तुझं तुला कळंल. आन कुठनं आलं ते मी सोडवीपर्यंत कुणाला सांगायचं न्हाय. म्हणजे गावात कोण चोर म्हणणार न्हाय तुला. आन तू परत दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाय.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय? तुझं अप्पा गेलं. माझ्या ट्रंकंत त्यो बसला. बायकूला बी सांगितलं न्हाय कुणाचा. आता तुझी पोरगी सून म्हणून आणायची आन ट्रंकंत त्यो ठेवायचा, कसं जमायचं?’’

मी म्हटलं, ‘‘अप्पांनी सांभाळायला दिला होता असं म्हणाला असतास, तर मी मानलं असतं.’’

‘‘ठाव हाय की. एसटीत दोनदा तूच सुचिवलंस.’’

मला हसू आलं. त्याला नाही आलं. तो पायरीकडं बघत होता.

मग मला अप्पांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांना माहीत होतं. मी रोज त्या कोनाड्याकडं बघत होतो, त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी मला गेमला मुकू दिलं. दुसऱ्याचा मुलगा सुधारावा म्हणून. का त्यांचा विचार होता की दहावी झाली की सोडवू, आणि वेळच मिळाला नाही? हे आता कोणाला विचारायचं? चनबसू म्हणाला, मी पण लई इचार केला, मला बी न्हाय कळलं.

पिशवीत गेम होता. काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, खेळ आता. उतरलाय.

त्यानं तो उलटासुलटा धरला. चालू कुठं होतो ते मी दाखवलं. गाणं लागलं, तसा दचकला. गडी निघाला. ‘‘उडी कुठल्या बटनानं रं?’’ मी बोट ठेवून दाखवलं. पहिला खड्डा आला, त्यानं अगदी कडेवर येऊन दाबलं आणि गडी खाली.

‘‘एवढ्यात मेला की रं!’’

पुन्हा. पुन्हा कडेवर दाबलं, पुन्हा मेला. मी पडदा बघत नव्हतो, त्याचा अंगठा बघत होतो. आम्ही दोघं एकाच बटणावर शिकलो होतो. माझ्या अंगठ्याला अजून येतं. त्याच्या अंगठ्यातून ते पुसून गेलंय. ट्रंकेत असताना गुपचूप कधी काढून खेळला असता तर गेलं नसतं, असं मला वाटतं. नाटक करायचं म्हटलं तर तोंडाला शिकवता येतं, हातांना थरथरायला शिकवता येतं. अंगठ्याला येईल का शिकवता? येत असेल. ज्याला एवढा धीर आहे त्याला काय येणार नाही?

पण मग त्यानं चोर कशाला म्हणवून घेतलं? सदरा तयार होता. घातला नाही.

म्हटलं, ‘‘आधी दाब. खड्डा यायच्या आधी.’’

‘‘खड्डा दिसायच्या आधी कसं दाबू?’’

‘‘दाब म्हणतोय न्हवं.’’

दाबलं. गडी पलीकडं गेला. चनबसू पोरासारखा ओरडला. देवळाच्या मागून कोणीतरी, ‘‘कोण हाय रं तकडं?’’ म्हणून हाक मारली. आम्ही दोघं गप्प बसलो.

उतरणीला लागताना गेम माझ्या पिशवीत जायचा का त्याच्या, हे ठरेना. मी म्हटलं, तुझ्याकडं राहू दे. तो म्हणाला, छे छे, तुझा हाय. दोघंही हात पुढं करेनात. शेवटी एसटीत आमच्या दोघांच्या मधे सीटवर ठेवला. कोल्हापूर आलं तरी तिथंच होता. कंडक्टर म्हणाला, ‘‘कुणाचं हाय ह्ये?’’

गिरिजाचा फोन दोनदा येऊन गेलाय. शैला समोर येऊन बसलीय. काही विचारत नाही, माझ्या तोंडाकडं बघतेय. एवढं लिहून झालं की फोन लावतो.